नजरानची साक्ष : विश्वास, बाप्तिस्मा आणि तारण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी आयुष्याचा मोठा काळ बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना शिकवण्यात घालवला. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय शोधताना मंडळीतला एक फार जुना आणि अजून न मिटलेला प्रश्न घ्यावा असे मला वाटले. माणसाचे तारण विश्वासाने होते की बाप्तिस्म्याने? आणि दोन्ही हवेत असे म्हटले, तर ज्याला विश्वास लाभला पण पाणी मिळू शकले नाही, त्याचे काय?

हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राच्या वर्गातला नाही. आज सौदी अरेबियात वीस लाखांहून अधिक भारतीय कामाला आहेत. त्यांत वसईचे, मुंबईचे, नगरचे ख्रिस्ती लोकही आहेत. कोणी रियाधच्या इस्पितळात नर्स आहे, कोणी जुबैलच्या कारखान्यात फिटर, कोणी दम्मामला हिशेबनीस. त्या देशात एकही चर्च नाही आणि इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. तिथे मूल जन्मले तर त्याचा बाप्तिस्मा गावाकडच्या रजेपर्यंत थांबतो. तिथे एखाद्या भारतीय मजुराच्या मनात ख्रिस्ताविषयी विश्वास जागा झाला, तर त्याने कुणाकडे जायचे? मधल्या काळात त्या मुलाचे, त्या मजुराचे देवापुढे स्थान काय? आपल्या मंडळीतल्या आयांनी हा प्रश्न मला विचारलेला आहे. त्यांना पाठ केलेले उत्तर पुरत नाही. म्हणून आज मी हा विचार अरबस्तानच्या भूमीवरूनच मांडणार आहे. कोणत्याही देशाच्या कायद्याविरुद्ध फिर्याद मांडण्याचा माझा हेतू नाही. त्या भूमीने आपल्या प्रश्नावर फार पूर्वी एक उत्तर दिलेले आहे, ते मला तुमच्यापुढे ठेवायचे आहे.

आधी शास्त्राकडे पाहू. नव्या करारात दोन्ही बाजूंची वचने आहेत आणि ती ठाम आहेत. निकदेम रात्री येशूकडे आला, तेव्हा पाणी आणि आत्मा यांपासून जन्म घेतल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे त्याला सांगण्यात आले. पेन्टेकॉस्टच्या दिवशी ज्यांच्या अंतःकरणाला पेत्राचे भाषण भिडले, त्यांना त्याने पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घ्यायला सांगितले. पेत्राचे पहिले पत्र तर बाप्तिस्मा तारतो असे स्पष्ट म्हणते. मात्र शरीराचा मळ धुतला जातो म्हणून नव्हे, तर शुद्ध विवेकाने देवाशी जोडले जाण्यामुळे, असा खुलासाही लगेच करते. दुसरीकडे पौल रोमकरांना लिहितो की जो मुखाने येशूला प्रभू म्हणतो आणि त्याच्या पुनरुत्थानावर अंतःकरणाने विश्वास ठेवतो त्याचे तारण होते. त्या वाक्यात पाण्याचा उल्लेख नाही. करिंथकरांना तो सांगतो की ख्रिस्ताने आपल्याला बाप्तिस्मा देण्यासाठी पाठवले नाही, सुवार्ता सांगण्यासाठी पाठवले. आणि वधस्तंभावरच्या त्या चोराला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. त्याच्या बाबतीत पाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

अशा वेळी आपण आपल्याला सोयीची वचने उचलतो आणि दुसऱ्याच्या वचनांना उत्तरे शोधतो. माझी विनंती आहे की तसे न करता प्रेषितांच्या कृत्यांमध्ये प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. आठव्या अध्यायात हबशी अधिकारी वाळवंटाच्या वाटेवर फिलिप्पाचे ऐकतो, पाणी दिसताच स्वतःच रथ थांबवतो. इथे आधी विश्वास, लगेच पाणी. दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरी पेत्र अजून बोलतोच आहे, तोवर पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरतो. पेत्र तरीही असे म्हणत नाही की आता पाण्याची गरज उरली नाही. तो उलटे म्हणतो : ज्यांना आत्मा मिळाला त्यांना पाण्यापासून कोण अडवणार? सोळाव्या अध्यायात फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी विश्वास ठेवतो आणि त्याच रात्री घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतो. क्रम प्रत्येक वेळी सारखाच नाही, पण दोन गोष्टी सारख्या आहेत. देव आपल्या क्रमाला बांधलेला नाही. आणि ज्याला पाणी मिळण्याजोगे होते, त्याने ते टाळले असे एकदाही घडलेले नाही.

आता अरबस्तान. पेन्टेकॉस्टला यरुशलेमात आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकणाऱ्यांच्या यादीत अरबांचे नाव आहे. स्वतः पौलाचा बाप्तिस्मा दमास्कसात झाला आणि त्यानंतर, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रानुसार, तो अरबस्तानात गेला. त्या काळी त्या भागावर नबाती राजांचे राज्य होते. त्यांचे दक्षिणेकडचे मोठे नगर हिज्र आजच्या सौदी अरेबियाच्या वायव्य भागात आहे. पौल नेमका कुठे राहिला हे पत्र सांगत नाही. पण नुकताच बाप्तिस्मा घेतलेला माणूस आधी अरबस्तानात जातो, ही गोष्ट तिथे राबणाऱ्या आपल्या माणसांना जवळची वाटावी.

पुढे त्या द्वीपकल्पात ख्रिस्ती समाज उभे राहिले. पूर्व किनाऱ्यावर, ज्याला सिरियाक भाषेतले ग्रंथ बेथ कत्राये म्हणतात त्या प्रदेशात, बिशपांच्या गाद्या होत्या. कतीफजवळच्या तारूत बेटावर दारीन इथे ६७६ मध्ये पूर्वेच्या मंडळीचा प्रमुख गिवर्गिस याने धर्मसभा भरवली. ख्रिस्ती जगाने ज्याला प्रार्थनेचा गुरू मानले तो निनवेचा इसहाक याच प्रदेशात जन्मला. जुबैलजवळ जुन्या चर्चचे अवशेष वाळूखालून वर आले आहेत. आज जिथे आपला फिटर कामाला जातो, तिथून जवळच एके काळी ख्रिस्ती उपासना चालत होती.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे गाव नैऋत्येला, येमेनच्या सीमेलगत आहे. ते नजरान. धूप आणि मसाल्यांच्या व्यापारी वाटेवरचे हे सुपीक खोरे. तिथे विश्वास कसा पोहोचला याच्या दोन कथा जुन्या ग्रंथांत आहेत, आणि दोन्हींत धर्माधिकारी नाही. सीर्तचा इतिहासग्रंथ म्हणून ओळखला जाणारा अरबी ग्रंथ सांगतो की हन्नान नावाचा नजरानचा व्यापारी इराणी राजा यज्दगिर्दच्या काळात प्रवासाला निघाला. हिरा या शहरात त्याचा ख्रिस्ती लोकांशी संबंध आला, तो त्यांची शिकवण शिकला, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. गावी परतल्यावर त्याने आपला विश्वास घरच्यांना सांगितला आणि त्यांना बाप्तिस्मा दिला. दुसरी कथा मुसलमान इतिहासकार इब्न इसहाकने नोंदवली आहे. फैमियून नावाचा एक भक्त गवंडीकाम करून पोट भरायचा आणि रविवारी काम बंद ठेवून प्रार्थना करायचा. प्रवासात त्याला पकडून नजरानमध्ये गुलाम म्हणून विकले गेले. त्याच्या प्रार्थनेमुळे तिथले लोक खजुराच्या झाडाची पूजा सोडून एका देवाकडे वळले, असे ती कथा सांगते.

या कथांतला प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीवर टिकेल असे मी म्हणत नाही. पण समाजाने स्वतःच्या उगमाविषयी काय जपून ठेवले हे महत्त्वाचे आहे. एक परगावी गेलेला व्यापारी, दुसरा परक्या भूमीत विकला गेलेला गवंडी. नजरानच्या मंडळीचे मूळ अशा माणसांत आहे. आखातात जाणाऱ्या मराठी माणसाला या दोघांत आपला माणूस दिसला तर नवल नाही.

नजरानच्या उत्तरेला हिमा या ठिकाणी वाळवंटातल्या खडकांवर हजारो कोरीव लेख आणि चित्रे आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिथे फ्रेंच आणि सौदी संशोधकांना क्रूस कोरलेले लेख सापडले. त्यांतल्या एकाचा काळ इसवी सन ४७० आहे आणि त्यावर कोरणाऱ्याचे नाव आहे, थौबान इब्न मालिक. वाटेवर थांबलेल्या एका माणसाने आपले नाव आणि आपल्या तारणाऱ्याची खूण एकाच खडकावर कोरली. अरबी लिपी घडत असतानाच्या अगदी आरंभीच्या लेखांमध्ये आज त्याची गणना होते.

मग ५२३ साल आले. येमेनमधल्या हिम्यर राज्याचा राजा यूसुफ, ज्याला अरबी परंपरा धू नुवास म्हणते, याने यहुदी धर्म स्वीकारला होता आणि समुद्रापलीकडच्या अक्सुमच्या ख्रिस्ती राज्याशी त्याचे वैर होते. त्याच्या सैन्याने नजरानला वेढा घातला. या मोहिमेच्या नोंदी त्याच्याच सेनापतीने हिमाच्या खडकांवर कोरून ठेवल्या आहेत. वेढ्यानंतर काय झाले ते बेथ अर्शामचा बिशप शिमोन याच्या सिरियाक पत्रांतून आपल्याला कळते. चर्च जाळले गेले, पुरोहित आणि सेवक त्यात होते. आधीच मरण पावलेल्या बिशप पौलाची हाडे उकरून जाळण्यात आली. लोकांपुढे एकच अट ठेवली गेली : ख्रिस्ताला नाकारा. हारिस इब्न काब हा समाजाचा वृद्ध प्रमुख, रुहूम ही प्रतिष्ठित घराण्यातली स्त्री आणि तिच्या मुली, अशा कितीतरी जणांनी ती अट नाकारली आणि प्राण दिले. पूर्व आणि पश्चिम दोन्ही मंडळ्या २४ ऑक्टोबरला संत अरेथास, म्हणजेच हारिस, आणि त्याच्या सोबत्यांचे स्मरण करतात. कुराणाच्या अल-बुरूज या अध्यायात खंदकातल्या आगीत जाळल्या गेलेल्या श्रद्धावंतांचा उल्लेख आहे. त्यांचा अपराध एवढाच की त्यांनी देवावर श्रद्धा ठेवली. अनेक मुसलमान भाष्यकारांनी हा संदर्भ नजरानच्या लोकांना लावला आहे. नजरानमधल्या प्राचीन अवशेषांच्या जागेला आजही अल-उखदूद, म्हणजे खंदक, असेच म्हणतात. पुढे ६३१ च्या सुमारास नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे शिष्टमंडळ मदिनेला गेले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना मशिदीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, असे इब्न इसहाक लिहितो. हाही त्या भूमीचाच इतिहास आहे आणि तो आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवायला हवा.

नजरानचे हे लोक विश्वासाने तारले गेले की बाप्तिस्म्याने? हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला की त्यातला फोलपणा ध्यानात येतो. त्यांचा बाप्तिस्मा आणि त्यांचा विश्वास यांत फट उरलीच नव्हती. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताच्या मरणात सामील होतो, त्याच्याबरोबर पुरले जातो, म्हणजे नव्या जीवनात चालू शकू. नजरानमध्ये हे शब्दशः खरे झाले. येशूने स्वतः आपल्या मरणाला बाप्तिस्मा म्हटले होते. आपल्याला अजून एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे असे तो शिष्यांना म्हणतो, तेव्हा तो यार्देनेबद्दल बोलत नसतो, वधस्तंभाबद्दल बोलत असतो. त्यामुळे पाण्याला सामर्थ्य कुठून येते, याचे उत्तर इथे मिळते. ते वधस्तंभाकडून येते. विश्वास त्याच वधस्तंभाला धरतो. दोन्हींचा उगम एकच असल्यामुळे दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करता येत नाही.

याच कारणाने आरंभीच्या मंडळीने रक्तसाक्षींविषयी एक ठाम भूमिका घेतली. बाप्तिस्म्याची तयारी करणारा उमेदवार पाण्याआधीच छळात मारला गेला, तर त्याला बाप्तिस्मा झालाच असे मानायचे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याला रक्ताचा बाप्तिस्मा म्हणतो, आणि हा तोच सिप्रियन आहे, ज्याने मंडळीबाहेर तारण नाही हे सूत्र सर्वांत कठोरपणे मांडले. ३९२ मध्ये रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन एकविसाव्या वर्षी मरण पावला. बाप्तिस्मा देण्यासाठी त्याने मिलानचा बिशप अँब्रोज याला बोलावले होते. तो पोहोचण्याआधीच सम्राट गेला. त्याच्या बहिणी शोकात होत्या. अँब्रोजने त्यांना सांगितले की त्याने जे मागितले ते त्याला मिळालेच आहे. अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीननेही पुढे त्या चोराचे उदाहरण देऊन लिहिले की प्रसंगच आडवा आला, तर विश्वास आणि अंतःकरणाचा पालट ती उणीव भरून काढतात. १५४७ मध्ये कॅथॉलिक मंडळीच्या ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा असे शब्द योजले. दुसऱ्या बाजूला ल्यूथरनेही १५२० मध्ये हेच तत्त्व मांडले होते की संस्काराविना तारण होऊ शकते, देवाच्या वचनाविना नाही. आणि तोच ल्यूथर मोहाच्या क्षणी स्वतःला आठवण करून द्यायचा की माझा बाप्तिस्मा झालेला आहे. ज्या दोन मंडळ्या त्या शतकात एकमेकींना शाप देत होत्या, त्या या एका ठिकाणी फार जवळ होत्या.

मात्र इथे एक रेषा नीट पाहिली पाहिजे. मिळू न शकणे वेगळे आणि नको म्हणणे वेगळे. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा मृत्युशय्येपर्यंत लांबवला; त्या काळी अनेकजण पापे धुतली जाण्याची संधी एकदाच मिळते म्हणून ती शेवटासाठी राखून ठेवत. मंडळीच्या शिक्षकांनी त्या सवयीवर कडक टीका केली. व्हॅलेंटिनियनसाठी जे सांत्वन होते, ते चालढकल करणाऱ्याला सवलत म्हणून वापरता येत नाही. दुसऱ्या टोकाला, पाण्यालाच सर्वस्व मानले की काय होते हेही इतिहासाने दाखवले आहे. १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही विश्वासणाऱ्यांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला तिथल्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी जानेवारी १५२७ मध्ये लिम्माट नदीत बुडवून मारले. बाप्तिस्म्याच्या वादात ख्रिस्ती हातांनीच पाण्याचा वापर मरणासाठी केला. हे पाप आपण विसरू नये.

आता आपल्या मराठी मंडळीकडे वळतो, कारण या प्रश्नाच्या तिन्ही बाजू आपल्या पूर्वजांनी जगून दाखवल्या आहेत.

पहिली बाजू : आधी पाणी, मग समज. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्याच्या साष्टीत बाप्तिस्मा झालेल्यांची संख्या मोठी होती, पण त्यांच्या हाती स्वतःच्या भाषेत काही नव्हते. जुनी पुराणे दूर झाली होती आणि त्यांच्या जागी काही आले नव्हते. नवख्रिस्ती लोकांनीच तशी मागणी केली आणि थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले आणि चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. बाप्तिस्म्याच्या मागोमाग विश्वासाला भाषा द्यावी लागते, हे त्या मोठ्या ग्रंथाने मान्य केले. ज्या मंडळीने पाणी दिले, तिने शिकवण्याचे ऋणही फेडले पाहिजे.

दुसरी बाजू पंडिता रमाबाईंची. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. संस्कृतच्या पंडिता, शास्त्रांची पूर्ण तपासणी करूनच पाऊल टाकणाऱ्या. तरीही १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पुष्कळ काळ उपदेश करूनही आपलाच पालट झाला नव्हता, हे त्याने त्यात सांगितले आहे. तेव्हा रमाबाईंना आपली गरज कळली आणि क्षमेचा अनुभव आला. लक्षात घ्या, त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही. १८८३ चे पाणी व्यर्थ गेले असेही त्या म्हणाल्या नाहीत. जे देवाने आधी दिले होते, ते त्यांनी आठ वर्षांनी घेतले. केडगावच्या मुक्ती मिशनचे सारे काम या घेण्यातून उभे राहिले. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या आपल्यातल्या बहुतेकांसाठी रमाबाईंची साक्ष म्हणजे हाक आहे.

तिसरी बाजू रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. आगगाडीत भेटलेल्या एका प्रवाशाने दिलेला नवा करार वाचून त्यांचा विश्वास जागा झाला. बाप्तिस्मा मुंबईला १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. मधला काळ त्यांनी घर, जात आणि पत्नी यांच्या ओढीत काढला. बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या विश्वासाने १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या काळी महाराष्ट्रात बाप्तिस्मा म्हणजे घरातून, वारशातून, पंगतीतून बाहेर पडणे होते. धर्म बदलणाऱ्याचा वारसा हक्क राखण्यासाठी सरकारला १८५० मध्ये कायदा करावा लागला होता. किती जणांचा विश्वास या भिंतीपाशी अडला असेल, हे टिळकांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होते. म्हणून १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शिष्य त्यात एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. काहींना ते बाप्तिस्म्याचे अवमूल्यन वाटले. मला तसे वाटत नाही. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व पणाला लावले, तो त्याला हलके लेखणार नाही. टिळकांनी ज्यांची वाट अडली होती त्यांना एकटे सोडले नाही, एवढेच त्या दरबाराचे सार आहे.

या तिन्ही वाटांना एका मंडळीत जागा देण्याचे कामही महाराष्ट्रातच झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथॉडिस्ट तिच्यात आले, आणि प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही आले. युरोपात ज्या प्रश्नावरून माणसे बुडवली गेली, त्यावर नागपूरने दोन्ही पद्धती मान्य केल्या. तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्यात कृपा आपल्या आधी येते हे दिसते. प्रौढाच्या बाप्तिस्म्यात कृपेला होकार द्यावा लागतो हे दिसते. कोणत्याही एका पद्धतीत दोन्ही गोष्टी तितक्याच ठळक दिसत नाहीत, म्हणून दोघांना एकमेकांची गरज आहे.

इतके पाहिल्यावर मी माझे म्हणणे सांगतो. तारण देवाचे दान आहे. विश्वास म्हणजे ते दान घेणे. आणि बाप्तिस्मा म्हणजे ते दान मंडळीच्या देखत, शरीराला कळेल अशा रीतीने, एका माणसाच्या नावाने दिले जाणे. आपल्याकडच्या दत्तकविधानाचा विचार करा. मूल स्वतःला दत्तक घेत नाही. आईबाप ते घेतात, आणि चारचौघांच्या देखत घेतात. त्यांची माया विधीच्या आधीच सुरू झालेली असते आणि विधीच्या वाटेवर काही आडवे आले तर ती मागे फिरत नाही. पण म्हणून विधी पोकळ ठरत नाही, कारण त्या दिवसापासून मुलाला नाव, घर आणि भावंडे मिळतात.

बाप्तिस्म्याचे एक वैशिष्ट्य आपण सहज विसरतो. कोणीही स्वतःला बाप्तिस्मा देऊ शकत नाही. प्रार्थना एकट्याने होते, शास्त्रवाचन एकट्याने होते, उपासही एकट्याने होतो. बाप्तिस्म्याला मात्र दुसऱ्याचा हात लागतोच. पौलासारख्याला हनन्याचा हात लागला. स्वतः प्रभूही योहानापुढे यार्देनेत उतरला. तारण आपल्या बाहेरून येते आणि ते दुसऱ्या माणसाच्या हातून आपल्यापर्यंत पोहोचते, हे बाप्तिस्मा शिकवतो. म्हणून ज्याला बाप्तिस्मा मिळत नाही, त्याच्याबाबत पहिला प्रश्न त्याच्या विश्वासाविषयी विचारायचा नसतो. आपला हात त्याच्यापर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न मंडळीने स्वतःला विचारायचा असतो.

हात पोहोचावा म्हणून मंडळीने किती लवचीकपणा दाखवला आहे पाहा. दिदाखे हे आरंभीच्या ख्रिस्ती काळातले शिकवणीचे छोटे पुस्तक सांगते की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. आणि तेवढेही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. वाळवंटाची ओळख असलेल्या लोकांचे हे नियम आहेत. कॅथॉलिक मंडळीचा तर असा नियम आहे की मरणाचा प्रसंग असेल, तर कोणताही माणूस, स्वतः बाप्तिस्मा न झालेलासुद्धा, मंडळीचा हेतू मनात धरून, पाणी ओतून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती आईला हे ठाऊक असले पाहिजे.

सौदी अरेबियाच्या कॅथॉलिकांची जबाबदारी आज उत्तर अरबस्तानच्या विकारिएटकडे आहे. त्याच्या बिशपांचे आसन बहारीनमध्ये आहे. तिथे अवालीला अरबस्तानच्या मातेचे कॅथेड्रल डिसेंबर २०२१ मध्ये समर्पित झाले. दम्माम-खोबरच्या बाजूने बहारीनला जोडणारा किंग फहद पूल सुमारे २५ किलोमीटरचा आहे. कामाचे तास, मालकाची परवानगी, पगार आणि व्हिसा यांच्या हिशेबात ते अंतर अनेकांसाठी फार मोठे होते. जो तिथे वाट पाहतो आहे, जो मनात ख्रिस्ताला प्रभू म्हणतो आणि पाण्यासाठी दिवस मोजतो, त्याला मी या व्यासपीठावरून सांगू इच्छितो : तू आमच्या मंडळीबाहेर नाहीस. अँब्रोजने सम्राटाच्या बहिणींना जे सांगितले ते तुलाही लागू आहे. सम्राटासाठी एक आणि फिटरसाठी दुसरी अशी कृपा देवाकडे नाही. आणि ज्या आईचे बाळ बाप्तिस्म्याआधी गेले, तिला मी सांगतो की ज्या प्रभूने बालकांना आपल्याकडे येऊ द्या म्हटले, त्याच्या हाती तू त्याला निर्धास्तपणे सोपव.

आता आपल्यासाठी. हा दिलासा ऐकून आपण हातावर हात धरून बसलो तर आपण तो चोरला असे होईल. आखातातून रजेवर आलेले कुटुंब तान्ह्याला घेऊन चर्चमध्ये येते, तेव्हा तारीख आणि हॉलचे बुकिंग यांत सारे संपू नये. त्या आईबापांबरोबर पाळकाने बसावे, पुढची दोन वर्षे घराच्या चार भिंतींत त्या मुलाला विश्वासात कसे वाढवायचे ते ठरवावे, आणि धर्मपालकांनी फोनवरून का होईना त्यात वाटा घ्यावा. प्रौढ उमेदवाराला परदेशी जायचे असेल, तर त्याची तयारी घाईत उरकू नये आणि विनाकारण अडकवूनही ठेवू नये. आपल्याच गावात, आपल्याच शेजारी, घरच्यांच्या धाकाने बाप्तिस्म्याला न आलेला विश्वासणारा असेल, तर त्याला प्रार्थनेच्या सभेत मागच्या बाकावर बसवू नये. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी त्याच्यासाठी जागा केली होती. ती आपण पुन्हा बंद करू नये. आणि ज्यांचा बाप्तिस्मा कधीचाच झाला आहे, त्या आपण सर्वांनी रमाबाईंचा प्रश्न स्वतःला विचारावा : जे मला दिले गेले, ते मी घेतले आहे का?

नजरानच्या लोकांना कोणी बाप्तिस्म्याची नोंदवही मागितली नाही. त्यांना एवढेच विचारले गेले की तुम्ही कुणाचे. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही, कारण पाण्याने त्यांना जे सांगितले होते त्यावर त्यांनी रोज विश्वास ठेवला होता. तारणाच्या बाबतीत विश्वास आणि बाप्तिस्मा यांचे नाते मला असे कळते : बाप्तिस्मा आपल्याला सांगतो की आपण कुणाचे आहोत, आणि विश्वास आयुष्यभर त्याला होकार देत राहतो. ज्याला हे सांगणारा हात अजून लाभला नाही, तोही देवाचाच आहे. आणि तो हात होणे हे आपले काम आहे.